आधी कोणाचा माल? : दुसऱ्या महायुद्धातील रेल्वे-वाहतूक नियंत्रण आणि बंगालचा दुष्काळ

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची कारणे सांगताना पाठ्यपुस्तकांत साधारणतः तीन गोष्टी सांगितल्या जातात. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला व तेथून येणारा तांदूळ बंद झाला. ऑक्टोबर १९४२ च्या चक्रीवादळाने मेदिनीपूर व लगतच्या जिल्ह्यांतील पीक बुडाले. आणि रेल्वे युद्धाच्या कामात गुंतल्यामुळे धान्य हलवता आले नाही. या तिन्ही गोष्टी घडल्या, यात शंका नाही. तथापि तिसरे कारण ज्या पद्धतीने मांडले जाते त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. वाघिणी किती होत्या हा एक प्रश्न आणि असलेल्या वाघिणी प्रथम कोणाला मिळाल्या हा दुसरा प्रश्न. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रशाळेत आणि लोहमार्गावर शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर सरकारी कचेरीत सापडते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

युद्धापूर्वीची रेल्वे

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानात सुमारे ४१ हजार मैलांचे लोहमार्ग होते. जाळे मोठे होते, पण सशक्त नव्हते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रेल्वेचे उत्पन्न घसरले होते आणि जुनी इंजिने, डबे व रूळ बदलण्याची कामे वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली होती. मालकीचीही एकवाक्यता नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या रेल्वेंचा कारभार १९२५ मध्ये सरकारने थेट हाती घेतला होता. निजामाच्या राज्यातील रेल्वे १९३० मध्ये संस्थानाने कंपनीकडून विकत घेतली होती. मद्रास अँड सदर्न मराठा आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या रेल्वे मात्र अजून कंपन्यांच्या व्यवस्थेखाली होत्या.

याहून मोठी अडचण रूळमापाची होती. मुंबईहून पुण्यापर्यंत रुंदमापी मार्ग, तर पुण्याहून मिरज-बेळगाव-लोंढ्याकडे जाणारा मार्ग मीटरमापी. मनमाडला हैदराबादहून येणारी मीटरमापी रेल्वे रुंदमापी मार्गाला मिळे. खांडव्याला इंदूरकडून येणाऱ्या मार्गाची तीच स्थिती. ग्वाल्हेर संस्थानची रेल्वे तर त्याहूनही अरुंद, दोन फुटी मापाची होती. रूळमाप बदलेल त्या प्रत्येक ठिकाणी पोते न् पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावे लागे. शांततेच्या काळात यात केवळ वेळ आणि हमाली जात असे. युद्धकाळात अशा प्रत्येक ठिकाणी रिकाम्या वाघिणीसाठी थांबलेल्या मालाची रांग लागू लागली.

वाढलेला भार, घटलेली साधने

युद्धामुळे रेल्वेवर दोन्ही बाजूंनी ताण आला. बंगाल-बिहारच्या खाणींतील कोळसा पूर्वी कलकत्त्याहून मोठ्या प्रमाणावर जहाजाने मुंबईकडे येत असे. किनारी जहाजे युद्धकामासाठी घेतली गेल्यावर तो कोळसा देशाच्या मध्यातून रेल्वेने आणावा लागला. ऑगस्ट १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले, त्यामुळे मोटार-लॉरीने जाणारा मालही रेल्वेकडे वळला. सैनिक, दारूगोळा, विमानतळांच्या बांधकामाचे साहित्य यांची भर पडली ती वेगळीच.

त्याच सुमारास साधने मात्र कमी होत गेली. मध्यपूर्वेतील लष्करी मार्गांसाठी येथील मीटरमापी इंजिने व वाघिणी पाठवण्यात आल्या. काही शाखामार्गांचे रूळ उखडून परदेशी रवाना झाले. रेल्वेच्या यंत्रशाळांचा एक भाग युद्धसामग्री तयार करण्याच्या कामी लावण्यात आला, आणि त्यामुळे दुरुस्तीला आलेली इंजिने अधिक काळ खोळंबू लागली. प्रवासी गाड्या कमी करून ‘गरज असेल तरच प्रवास करा’ असा प्रचार सुरू झाला. टंचाई खरी होती, हे येथे मान्य केले पाहिजे. परंतु टंचाई खरी असते तेव्हाच वाटपाचा क्रम निर्णायक ठरतो.

नियंत्रणाची यंत्रणा

१९३९ च्या भारत संरक्षण कायद्याने सरकारला अत्यंत व्यापक अधिकार दिले. जुलै १९४२ च्या सुमारास दळणवळण खात्याची विभागणी होऊन युद्ध-वाहतूक खाते स्वतंत्र झाले व त्याची सूत्रे सर एडवर्ड बेंथॉल यांच्याकडे आली. मालवाहतुकीचा अग्रक्रम ठरवण्यासाठी केंद्रात व प्रादेशिक पातळीवर प्राधान्य-नियंत्रक नेमले गेले. याच काळात कंपन्यांच्या रेल्वेही एकामागून एक सरकारकडे आल्या. बॉम्बे-बडोदा आणि आसाम-बंगाल १ जानेवारी १९४२ रोजी, बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न १९४३ च्या आरंभी, मद्रास अँड सदर्न मराठा १ एप्रिल १९४४ रोजी आणि बंगाल-नागपूर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे युद्ध संपेपर्यंत प्रमुख मार्गांची मालकी आणि कारभार ही दोन्ही सरकारच्या हाती एकवटली होती.

मालकी हाती आली म्हणजे वाहतुकीला दिशा मिळते असे मात्र नाही. याचे एक ठळक उदाहरण पहिल्या महायुद्धातील अमेरिकेत सापडते. १९१७ मध्ये तेथे निरनिराळ्या सरकारी खात्यांनी आपापल्या मालाला प्राधान्याच्या चिठ्ठ्या लावण्यास सुरुवात केली. चिठ्ठ्या इतक्या वाढल्या की पूर्वेकडील बंदरांजवळ भरलेल्या वाघिणी रिकाम्या होण्याची वाट पाहत अडकून पडल्या. सर्वच माल निकडीचा ठरल्यावर कोणताच निकडीचा उरला नाही. अखेर २६ डिसेंबर १९१७ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी रेल्वे ताब्यात घेण्याची घोषणा केली, आणि १ मार्च १९२० पर्यंत त्या सरकारी नियंत्रणाखाली राहिल्या. अग्रक्रम देणाऱ्या खात्यांच्या वर एकच निर्णय करणारे केंद्र हवे, हा त्या अनुभवाचा अर्थ होता.

हिंदुस्थानात असे केंद्र धान्याच्या बाबतीत फार उशिरा उभे राहिले. केंद्र सरकारचे अन्न खाते डिसेंबर १९४२ मध्ये स्थापन झाले, म्हणजे ब्रह्मदेश पडल्यानंतर जवळजवळ नऊ महिन्यांनी. दरम्यान प्रांतांना आपल्या हद्दीबाहेर धान्य जाऊ न देण्याचे अधिकार मिळाले होते आणि त्यांनी ते वापरलेही होते. त्यामुळे धान्याच्या पोत्याला दोन कुलपे लागली. एक प्रांताच्या निर्यात-परवान्याचे व दुसरे रेल्वेच्या प्राधान्याचे. परवाना मिळेपर्यंत वाघीण दुसऱ्या मालाला गेलेली असे, आणि वाघीण मिळाली तरी परवाना नाही म्हणून माल फलाटावर पडून राही. दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत होत्या.

बंगाल १९४२ : सर्व मार्ग एकाच वेळी बंद

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरवर्षी सुमारे पंधरा लाख टन तांदूळ येत असे, तो थांबला. शत्रू समुद्रमार्गे उतरेल या भीतीने बंगालच्या किनारी जिल्ह्यांत ‘नकार धोरण’ राबवण्यात आले. दहा किंवा अधिक माणसे वाहून नेणाऱ्या सुमारे ६६,५०० नोंदलेल्या नावांपैकी सुमारे ४६ हजार नावा नोव्हेंबर १९४२ अखेरपर्यंत काढून घेण्यात किंवा नष्ट करण्यात आल्या. नद्यांच्या त्या प्रदेशात शेतावर जाणे, मासे पकडणे आणि बाजारात तांदूळ नेणे ही तिन्ही कामे नावेनेच होत. नाव गेली तेथे रेल्वे तिची जागा घेऊ शकत नव्हती; कारण बहुतेक गावे स्थानकापासून दूर, पाण्याच्या पलीकडे होती.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ आंदोलनाच्या उद्रेकात बिहार व पूर्व संयुक्त प्रांतातील लोहमार्ग ठिकठिकाणी उखडले गेले आणि काही काळ बंगालचा उत्तर हिंदुस्थानाशी रेल्वे-संबंध जवळजवळ तुटला. ऑक्टोबरात वादळ आले. २० डिसेंबरला कलकत्त्यावर जपानी विमानांनी बाँबहल्ला केला. धान्याची दुकाने बंद झाली, आणि सरकारने व्यापाऱ्यांचे साठे ताब्यात घेतले. जाड्या तांदळाचा भाव नोव्हेंबरात मणाला नऊ-दहा रुपये होता, तो डिसेंबरात तेरा-चौदा रुपयांवर आणि मे १९४३ मध्ये तीस रुपयांच्या घरात पोहोचला.

या परिस्थितीत सरकारने प्रथम कोणाची तरतूद केली? ऑगस्ट १९४२ मध्येच बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सच्या पुढाकाराने कलकत्त्याच्या औद्योगिक कामगारांना धान्य पुरवण्याची योजना सुरू झाली होती. युद्धोत्पादन करणारे कारखाने, रेल्वे, बंदर, सरकारी कचेऱ्या यांतील नोकर ‘अत्यावश्यक’ गणले गेले व त्यांच्या मालकांमार्फत त्यांना नियंत्रित दराने धान्य मिळू लागले. प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता. कारखाना बंद पडला तर आघाडी अडचणीत येईल, हा हिशेब स्पष्ट होता. मात्र त्याची दुसरी बाजू अशी की, शेतमजूर, मच्छीमार, नावाडी, साळी, न्हावी यांना मालक नव्हता, त्यामुळे त्यांच्या वतीने यादीत नाव घालणाराही कोणी नव्हता. प्राधान्याच्या कोणत्याही पद्धतीत माल मागणारी संस्था लागते. ज्याची संस्था नाही त्याची मागणी कागदावर येत नाही, आणि जी मागणी कागदावर नाही तिच्यासाठी वाघीण निघत नाही.

१९४३ : धान्य आले, पण कोठे?

१९४३ च्या आरंभी केंद्राने ‘मूलभूत योजना’ आखली. विपुलतेच्या प्रांतांनी किती धान्य द्यावे व तुटीच्या प्रांतांना किती मिळावे, याचे आकडे तीत ठरवले होते. पण योजना नीट मार्गी लागण्यापूर्वीच १८ मे रोजी पूर्व विभागात प्रांतांमधील बंधने उठवून मुक्त व्यापार जाहीर करण्यात आला. बंगालचे खरेदीदार बिहार व ओरिसात धावले, तेथील भाव भडकले, आणि जुलैअखेरीस हा प्रयोग आवरता घ्यावा लागला. एप्रिलमध्ये फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळाच्या जागी ख्वाजा नझिमुद्दीन यांचे मंत्रिमंडळ आले होते आणि नागरी पुरवठा खाते हुसेन शहीद सुहरावर्दी यांच्याकडे होते. प्रांतिक मंत्रिमंडळाकडे जबाबदारी होती. पण ना इतर प्रांतांच्या धान्यावर त्याचा अधिकार होता, ना वाघिणींवर. त्यांचे निर्णय तपासताना ही मर्यादा विसरता येत नाही, तसेच ती त्यांच्या सर्व चुकांवर पांघरूणही घालत नाही.

जुलैत दामोदर नदीचा बांध बरद्वानजवळ फुटला व ईस्ट इंडियन रेल्वेचा मुख्य मार्ग तुटला; गाड्या वळवाव्या लागल्या. तरीही उन्हाळा संपताच पंजाब व अन्य प्रांतांतील धान्य कलकत्त्याकडे वाढत्या प्रमाणात येऊ लागले. एका मालगाडीत किती जीव असतात याचा ढोबळ हिशेब करण्यासारखा आहे. चाळीस वाघिणी, प्रत्येकीत वीस टन, म्हणजे आठशे टन. माणशी रोज अर्धा किलो धरले तर सोळा लाख माणसांचे एका दिवसाचे अन्न.

सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी परिस्थिती आली की कलकत्त्यात पोहोचलेले धान्य ठेवायला गोदामे पुरेनात. हावड्याच्या बाजूला शिबपूरच्या शाही वनस्पती उद्यानात धान्याच्या थप्प्या उघड्यावर रचाव्या लागल्या. त्याच वेळी जिल्ह्यांत आणि खुद्द कलकत्त्याच्या पदपथांवर माणसे मरत होती. चोवीस परगण्यासारख्या जवळच्या जिल्ह्यांतून भुकेलेले लोक मिळेल त्या गाडीने, बहुधा तिकिटाविना, शहरात येत होते. रेल्वे धान्य गावाकडे नेण्याऐवजी गावातील माणसे धान्याकडे आणत होती. २२ ऑगस्टला ‘द स्टेट्समन’ने या उपासमारीची छायाचित्रे छापली तेव्हा कलकत्त्याबाहेरच्या अनेकांना तिची तीव्रता प्रथम कळली. ऑक्टोबरअखेरीस सरकारने वटहुकूम काढून निराश्रितांना शहराबाहेर हलवण्यास सुरुवात केली.

२० ऑक्टोबरला लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय झाले आणि त्याच आठवड्यात ते कलकत्त्यास गेले. त्यांनी कलकत्त्याहून जिल्ह्यांकडे धान्य नेण्याचे काम लष्कराकडे सोपवले. लष्कराच्या लॉऱ्या, नावा आणि वाहतूक अधिकारी कामाला लागले. डिसेंबरात नव्या अमन पिकाचा तांदूळ आला. उपासमार ओसरू लागली. रोगराईचे मृत्यू मात्र १९४४ मध्येही चालू राहिले.

दोन तुलना

नियंत्रणाने काय साधते हे पाहण्यासाठी दोन तुलना उपयोगी पडतात. मुंबई हाही तुटीचा प्रांत होता. १९४२-४३ मध्ये विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला होता आणि शहराची गरज मोठी होती. मुंबई सरकारने २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू केले. शिधापत्रिका आल्यामुळे शहराला रोज किती धान्य लागते याचा निश्चित आकडा हाती आला. रेल्वेकडे मागणी करायला तो आकडाच आधार ठरला. कलकत्त्यात पूर्ण शिधावाटप ३१ जानेवारी १९४४ रोजी सुरू झाले. हे नऊ महिन्यांचे अंतर बरेच काही सांगून जाते. मुंबईवर ना बोटी काढून घेण्याची पाळी आली होती ना बाँबहल्ल्याची, हे खरे; तरी मोजणी आधी आणि वाहतूक नंतर हा क्रम तेथे पाळला गेला, हेही खरे.

दुसरी तुलना बंगाल-आसाम रेल्वेचीच आहे. आसामच्या आघाडीला व चीनला जाणाऱ्या सामग्रीचा हा एकेरी, मीटरमापी मार्ग. पार्वतीपूरला माल रुंदमापी वाघिणींतून मीटरमापी वाघिणींत भरायचा आणि अमीनगाव-पांडू येथे ब्रह्मपुत्रा तरीने ओलांडायची. १ मार्च १९४४ रोजी या रेल्वेच्या सुमारे ८०० मैलांचे चालन अमेरिकन लष्करी रेल्वे पथकांकडे देण्यात आले. हजारो प्रशिक्षित माणसे, नवी इंजिने व दुरुस्तीची साधने यांच्या बळावर थोड्याच महिन्यांत या मार्गाची क्षमता लक्षणीय वाढली. येथे धडा अमेरिकन कार्यक्षमतेपुरता नाही. ज्या वाहतुकीची निकड सत्तेला पटली होती तिच्यासाठी माणसे, यंत्रे आणि एकहाती अधिकार ही तिन्ही उपलब्ध झाली. बंगालच्या खेड्यांसाठी असा निर्णय ऑक्टोबर १९४३ पर्यंत कोणी केला नाही.

चौकशी आयोग आणि नंतरचे कायदे

सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाचा बंगालविषयक अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. बडोदा संस्थानात दीर्घ सेवा केलेले सर मणिलाल नानावटी आणि लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले कृषिशास्त्रज्ञ अफझल हुसेन हे त्याचे सदस्य होते. आयोगाने मृत्यूंचा अंदाज सुमारे पंधरा लाख केला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज एकवीस ते तीस लाखांपर्यंत जातात. आयोगाने बंगाल सरकारला कठोर शब्दांत दोष दिला. केंद्र सरकारवरील त्याचा एक ठपका या लेखाच्या दृष्टीने मोलाचा आहे: तुटीच्या प्रांतांकडे धान्याच्या नियोजित वाहतुकीची पद्धत आवश्यक आहे, हे केंद्राने पुरेशा लवकर ओळखले नाही. म्हणजे रुळांच्या वा इंजिनांच्या अभावाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व आयोगाने नियोजनाच्या अभावाला दिले.

१९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी हा विचार पुढे नेला. त्यांच्या मते बंगालमध्ये धान्याच्या एकूण उपलब्धतेतील घट दुष्काळाचे स्पष्टीकरण देण्यास पुरेशी नव्हती. धान्य मिळवण्याची ग्रामीण गरिबांची क्षमताच कोसळली होती. त्यांच्या आकडेवारीवर पुढे वाद झाले आहेत व ते चालू आहेत. वाहतुकीच्या इतिहासातून त्या वादात एवढी भर घालता येते की, क्षमता केवळ मजुरीच्या पैशांनी ठरत नव्हती. ‘अत्यावश्यक’ या यादीत नाव असणे हीही एक क्षमता होती.

युद्ध संपले तरी नियंत्रणाचे कायदे राहिले. १९४६ चा अत्यावश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायदा आणि त्यानंतरचा १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा यांची मुळे युद्धकालीन नियमांत आहेत. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. विशिष्ट मालाच्या वाहतुकीस अग्रक्रम देण्याचे निर्देश रेल्वेला देण्याचा केंद्राचा अधिकार १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ७१ मध्ये कायम आहे. युद्धकाळात आणि स्वातंत्र्यानंतर या अधिकाराच्या उद्दिष्टात जो फरक पडला तो विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. १९४३ मध्ये अग्रक्रम मुख्यतः युद्ध चालवणाऱ्याला मिळत होता. पुढे शिधापत्रिकेमुळे सामान्य ग्राहकाची मागणीही कागदावर आली आणि त्या मागणीसाठी गाडी सुटू लागली. ही यादीही परिपूर्ण कधी नव्हती. तिच्यातून सुटलेल्यांची गाऱ्हाणी स्वतंत्र भारतातही ऐकू आली आहेत.

महाविद्यालयीन वर्गात हा विषय शिकवताना ‘वाहतूक कोलमडली’ या वाक्यावर थांबू नये. रेल्वेचा नकाशा समोर ठेवून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारता येतात: या स्थानकावर धान्य पोहोचले का, पोहोचले असल्यास कोणाच्या मागणीवरून, आणि स्थानकापासून गावापर्यंत ते कशाने न्यायचे होते? बंगालच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर शरद ऋतूपर्यंत ‘होय’ असे झाले होते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेळेवर शोधली गेली नाहीत, आणि शिबपूरच्या उद्यानात धान्याच्या थप्प्या पावसात भिजत असताना बंगालची खेडी रिकामी झाली.